साडेअकरा कोटी डॉलर आणि एक गळकी नळी

१३ जून २०१३ रोजी 'कार्निव्हल' कंपनीची 'कार्निव्हल ट्रायंफ' ही क्रूझ बोट टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टन बंदरातून पुन्हा प्रवासी घेऊन निघाली. त्याआधी चार महिने ती बंद होती आणि तिच्यावर साडेअकरा कोटी डॉलर खर्ची पडले होते. बोटीवर चढणाऱ्यांना नवे बार दिसले, चकाचक रंग दिसला. मात्र ज्या कामासाठी तिला गोदीत ठेवलं होतं, ते झालं होतं खाली, इंजिनघरात. तिथे प्रवाशाला कुणी फिरकूही देत नाही.

ही बोट १९९९ सालची, इटलीतल्या मोन्फाल्कोनेच्या फिन्कांतिएरी गोदीत बांधलेली. लांबी २७२ मीटर, आकारमान एक लाख ग्रॉस टनांच्या वर. तिची थोरली बहीण 'कार्निव्हल डेस्टिनी' १९९६ मध्ये पाण्यात आली, तेव्हा एक लाख टनांचा टप्पा ओलांडणारी ती जगातली पहिली प्रवासी बोट होती. अशा बोटींत इंजिन थेट पंखा फिरवत नाही. डिझेल जनरेटर वीज तयार करतात. तीच वीज पंख्याच्या मोटारींना जाते आणि तिच्यावरच दिवे, एसी, लिफ्ट, भटारखान्यातल्या शेगड्या आणि पिण्याच्या पाण्याचे पंप चालतात. ट्रायंफवर असे सहा जनरेटर होते, पुढच्या आणि मागच्या अशा दोन इंजिनघरांत विभागलेले. एकात काही बिघडलं तर दुसरं सांभाळून घेईल, हा त्यामागचा हिशेब.

१० फेब्रुवारी २०१३ च्या पहाटे हा हिशेब चुकला. चार दिवसांची सहल उरकून बोट मेक्सिकोतल्या कोझुमेलहून परतत होती. मागच्या इंजिनघरात सहा क्रमांकाच्या इंजिनाची इंधन परतीची नळी गळली. तेल तापलेल्या भागावर उडालं आणि पेटलं. आग विझवणारी यंत्रणा लगेच सुरू झाली, आग आटोक्यात आली, कुणालाही मोठी इजा झाली नाही. पण आगीने वीजव्यवस्थेची जी वाताहत केली तिच्यामुळे पुढचं इंजिनघर शाबूत असूनही उपयोगाचं राहिलं नाही. पंखे थांबले, दिवे गेले. ३,१४३ प्रवासी आणि १,०८६ कर्मचारी मेक्सिकोच्या आखातात तरंगत राहिले.

पुढचे चार दिवस अमेरिकेतल्या वाहिन्यांनी अहोरात्र दाखवले आणि त्यात सगळ्यात जास्त चर्चा झाली ती संडासांची. हसण्यावारी नेण्यासारखं त्यात काही नव्हतं. क्रूझ बोटीवरचा संडास घरच्यासारखा पाण्याच्या लोटावर चालत नाही. तो निर्वात पंपाच्या ओढीवर चालतो. वीज गेली की पंप बंद आणि पंप बंद की हजारो माणसांची सगळ्यात साधी सोय बंद. लघवीसाठी न्हाणीघर वापरा, असं प्रवाशांना सांगण्यात आलं. बाकीसाठी लाल प्लास्टिकच्या पिशव्या वाटल्या गेल्या. खोल्यांत उकाडा आणि दुर्गंधी असह्य झाल्यावर लोकांनी गाद्या ओढत डेकवर आणल्या आणि चादरींचे तंबू ठोकले. जेवणासाठी लांबच लांब रांगा लागल्या. कंपनीच्याच इतर बोटींनी वाटेत गाठून रसद पोचवली.

आधी तिला मेक्सिकोच्या प्रोग्रेसो बंदरात ओढून न्यायचं ठरलं होतं. मध्यंतरी प्रवाहाने ती बरीच उत्तरेला वाहवली, म्हणून अलाबामातलं मोबील बंदर नक्की झालं. १४ फेब्रुवारीला, बंदर जवळ आलेलं असताना, एक दोरखंड तुटला आणि आणखी खोळंबा झाला. रात्री उशिरा ती एकदाची धक्क्याला लागली. पुढच्या प्रवासासाठी बसगाड्यांचा ताफा उभा होता. त्यातलीही एक बस वाटेत बंद पडली!

त्या दिवसांबद्दल कंपनीवर तुटून पडलेल्या प्रवाशांनीही एका गोष्टीत हात आखडता घेतला नाही, ती म्हणजे कर्मचाऱ्यांचं कौतुक. पिशव्या उचलणारी, तुंबलेलं पाणी उपसणारी, तशातही अदबीने बोलणारी ही माणसं. गोव्यात किंवा मुंबईत 'मुलगा बोटीवर असतो' म्हटलं की बाकी काही सांगावं लागत नाही, इतक्या घरांची चूल या धंद्यावर पेटते. त्या घरांना बातमीतला हा भाग सगळ्यात आधी कळला असेल. प्रवाशाला पैसे परत मिळाले, वर ५०० डॉलर मिळाले. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या कर्मचाऱ्याची सुटका बोट धक्क्याला लागल्यावरही झाली नव्हती, साफसफाई तर त्यानंतरच सुरू व्हायची होती.

दुरुस्तीचं कामही सुरळीत पार पडलं नाही. ३ एप्रिलला मोबीलच्या गोदीत सोसाट्याचा वारा सुटला आणि बांधून ठेवलेली ट्रायंफ धक्क्यापासून सुटून नदीत भरकटली. वाटेत ती दुसऱ्या जहाजावर आदळली आणि तिच्या अंगाला २० फूट लांबीची चीर पडली. धक्क्यावरच्या पहाऱ्याच्या टपरीतले दोघे पाण्यात फेकले गेले. एकाला वाचवण्यात आलं, दुसऱ्याचा मृतदेह काही दिवसांनी सापडला. आग लागून आणि चार दिवस भरकटून जीव गेला नव्हता. तो गेला बांधलेल्या बोटीमुळे. गंमत म्हणून ट्रायंफची गोष्ट सांगणारे बहुतेक जण हा भाग गाळतात.

एप्रिलमध्येच कंपनीने आपल्या सगळ्या २४ बोटींसाठी ३० कोटी डॉलरचा कार्यक्रम जाहीर केला. आगविरोधी यंत्रणा वाढवायची, दोन इंजिनघरांची वीजजोडणी अशी बदलायची की एकाच्या बिघाडाने दुसरं ठप्प होऊ नये, आणि प्रत्येक बोटीवर आणीबाणीचा आणखी एक जनरेटर बसवायचा. मुख्य वीज गेली तरी या जनरेटरवर काय चालेल, याची यादी कंपनीनेच दिली होती. सगळे संडास, गोडं पाणी आणि लिफ्ट. जाहिरातीत निळं पाणी आणि झगमगाट विकणाऱ्या धंद्याने संडास चालू राहतील अशी जाहीर हमी द्यावी, ही वेळ त्या चार दिवसांनी आणली.

खरं तर आंतरराष्ट्रीय नियम या वळणावर आधीच पोचला होता. १ जुलै २०१० नंतर पायाभरणी झालेल्या मोठ्या प्रवासी बोटींना, ठरावीक मर्यादेतली आग किंवा गळती झाली तरी स्वतःच्या ताकदीवर बंदर गाठता आलं पाहिजे, आणि तोवर प्रवाशांना पाणी, अन्न, स्वच्छतेची सोय मिळाली पाहिजे, असं सागरी सुरक्षा करार सांगतो. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये 'कार्निव्हल स्प्लेंडर' इंजिनघरातल्या आगीमुळे पॅसिफिकमध्ये अशीच निकामी झाली आणि तिला सॅन दिएगोला ओढत आणावं लागलं. म्हणजे धडा घरातलाच होता. जुन्या बोटींना मात्र नियमाचं बंधन नव्हतं, आणि ट्रायंफ जुनी होती.

प्रवाशांनी दावे लावले तेव्हा आणखी काही बाहेर आलं. सहा क्रमांकाच्या जनरेटरची देखभाल लांबलेली होती आणि इंधनाच्या लवचीक नळ्यांवर संरक्षक आवरणं लावावीत, अशी सूचना आगीच्या महिनाभर आधी कंपनीच्या समूहात फिरली होती. गळलेली नळी फरशीच्या पत्र्याखाली होती, तिच्यावर आवरण नव्हतं. आपल्या बचावात कंपनीने तिकिटाच्या कराराकडे बोट दाखवलं. सुरक्षित प्रवास, समुद्राला लायक बोट किंवा आरोग्याला योग्य जेवण यांची हमी त्या करारात कुठेही दिलेली नाही, असा तो युक्तिवाद होता. तिकिटामागचा बारीक मजकूर वाचायची सवय नसलेल्या आपल्यासारख्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

ट्रायंफचं पुढे बरं चाललं. २०१९ मध्ये स्पेनच्या कादिझ इथल्या गोदीत तिच्यावर आणखी २० कोटी डॉलर खर्च झाले, खोल्यांपासून उपाहारगृहांपर्यंत सगळं बदललं. त्यासोबत नावही बदललं. आता ती 'कार्निव्हल सनराइज' आहे. नाव बदलून फारसा उपयोग झाला नाही. २०२५ मध्ये नेटफ्लिक्सवर तिच्या त्या चार दिवसांवर माहितीपट आला, तोही वाहिन्यांनी संडासांवरून पाडलेल्या बदनाम टोपणनावासकट. बोटीची पायाभरणी मात्र विसाव्या शतकातली. त्यामुळे २०१० चा नियम तिला आजही लागू होत नाही.