खानदेशचे रोशा तेल

सुगंधी तेलांच्या बाटल्या आज सहज मिळत असल्या, तरी महाराष्ट्राची या क्षेत्रातील खरी मिरास म्हणजे खानदेशातील रोशा गवत होय. फुलोऱ्यावर आलेले हे गवत बंद भांड्यात पाण्यासह उकळले, की त्यातील जेरॅनिऑल हे गुलाबगंधी द्रव्य, स्वतः सुमारे 230 अंश सेल्सिअसला उकळत असूनही, वाफेबरोबर 100 अंशांखालीच बाहेर पडते आणि वाफ निवल्यावर पाण्यावर तरंगते. या क्रियेला ऊर्ध्वपातन म्हणतात. 19व्या शतकात हे तेल मुंबईमार्गे तुर्कस्तानात जाऊन गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई, इतका त्याचा गंध गुलाबाशी जुळतो. घरी मात्र चमचाभर खोबरेलात त्याचे एक-दोन थेंबच घ्यावेत; ते निव्वळ त्वचेला लावू नये, पोटात घेऊ नये आणि मुलांच्या हाती लागू देऊ नये.