पेनाचा तास मोजतात, मग विडीचा का नाही?

सोलापूर हे हाताने कमावून खाणाऱ्यांचे शहर आहे. चादर, टॉवेल आणि विडी या तिन्ही वस्तूंमागे इथल्या कामगारांची आयुष्ये खर्ची पडली. हाताने केलेल्या कामाच्या वेळेची किंमत कोण ठरवतो, हा प्रश्न म्हणूनच सोलापुरात विचारला गेला पाहिजे. तो नीट समजण्यासाठी आम्ही आधी एका वेगळ्याच वस्तूचे उदाहरण घेतो. ती वस्तू म्हणजे हाताने बनविलेले पेन.

पेन आपल्या चळवळीला परके नाही. बाबासाहेबांना फाउंटन पेनांची आवड होती, हे सर्वश्रुत आहे. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर हार-मेणबत्त्यांऐवजी वही-पेन देऊन अभिवादन करण्याची चांगली प्रथा अलीकडच्या वर्षांत रुजली आहे. पण पेन घडविणाऱ्या हातांविषयी आपण क्वचितच बोलतो.

कारखान्यातले प्लास्टिकचे पेन साच्यातून निघते. हातच्या पेनाचे तसे नाही. आंध्र प्रदेशातील राजमहेंद्रीला १९३० च्या दशकात रत्नम पेनचे काम सुरू झाले आणि ती परंपरा आजही टिकून आहे. असे पेन गिऱ्हाइकाच्या मापाने होते. हात लहान की मोठा, अक्षर बारीक की ठसठशीत, हे आधी विचारले जाते. मग एबोनाइटची, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराची, कांडी कापतात. लेथवर तिला भोक पाडतात. टोपण आणि नळी एकमेकांत बसावी म्हणून आटे पाडतात. आटा चुकला की कांडी फुकट जाते. त्यानंतर बाहेरून तासणे, बोटे टेकतात तो भाग वेगळा घडविणे, बारीक होत जाणाऱ्या पॉलिश पेपरने घासणे, चकाकी आणणे, क्लिप बसविणे अशी कामे होतात. शेवटी निब आणि तिच्याखालची शाई आणणारी पट्टी जुळवून, शाई भरून, कागदावर चालवून पाहतात. एकसारखी दहा पेने करणे त्या मानाने सोपे. वेगळ्या मापाचे एकच पेन करायचे तर लेथची मापे पुन्हा लावावी लागतात.

गिऱ्हाईक यासाठी आठवडे, कधी महिने थांबते आणि काही हजार रुपये आनंदाने मोजते. या किमतीत तीन गोष्टी धरलेल्या असतात: हात चालतो तो वेळ, तयारीत जातो तो वेळ आणि वाया गेलेला माल. पेन कारागीर सुखात लोळतो असे आमचे म्हणणे नाही. पण त्याच्या कामाला वेळ लागतो, हे विकत घेणाऱ्याला मान्य असते.

आता हाच तीन कलमी हिशेब सोलापूरच्या पूर्व भागातील विडी कामगार स्त्रीला लावून पाहू. या स्त्रिया बहुसंख्येने तेलुगू भाषिक आहेत. त्यांच्यासोबत मुस्लिम आणि दलित स्त्रियाही आहेत. कारखान्याच्या ब्रँचमधून पाने, तंबाखू आणि दोरा आणायचा. पाने भिजवायची, ओल्या फडक्यात ठेवायची. मापाच्या पत्र्याने एकेक पान कात्रीने कापायचे. तंबाखू भरायची, वळायची, दोरा बांधायचा, तोंड मुडपायचे. हे एकदा नव्हे, हजार वेळा. मग कट्टे बांधून पुन्हा ब्रँचच्या रांगेत उभे राहायचे. हजार विड्यांना दिवस संपतो. घरातली लेक पाने कापायला बसते तेव्हा कुठे आकडा पुरा होतो.

मजुरी मात्र हजारावर. आणण्या-नेण्याचा, भिजविण्याचा, रांगेचा वेळ कुणाच्या वहीत लिहिलेला नसतो. लेकीचे तास तर अस्तित्वातच नाहीत. पाने कमी भरली तर पदरचे पैसे घालून आणायची आणि विड्या बाद झाल्या तर तोटा तिचाच. पेनवाल्याची फुकट गेलेली कांडी किमतीत धरली जाते. विडीवालीचे बाद पान तिच्या मजुरीतून जाते. हा कुठला न्याय?

कायदा याबाबत मुका नाही. किमान वेतनाचे विधेयक बाबासाहेबांनी मजूर मंत्री या नात्याने एप्रिल १९४६ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात मांडले. १९४८ साली त्याचा कायदा झाला आणि त्याच्या अनुसूचीत विडीकाम पहिल्यापासून होते. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी विड्या वळणारीलाही कामगार मानले. सर्वोच्च न्यायालयाने मंगलोर गणेश बीडी वर्क्सच्या खटल्यात १९७४ साली तो कायदा वैध ठरविला. पाने देण्यावरून किंवा विड्या बाद करण्यावरून तंटा झाला तर दाद मागण्याची सोयही त्यात होती.

मेख वेगळीच आहे. किमान दर हजार विड्यांवर ठरला की हजार विड्यांना तास किती लागतात, हे कुणी विचारत नाही. मालक म्हणतात, बाई घरी बसून सवडीने काम करते, तिचे तास कसे मोजायचे? आम्ही विचारतो, पेन कारागीरही आपल्या लेथवर सवडीनेच बसतो ना? त्याचे तास मोजता येतात, तर हिचे का येत नाहीत? अडचण मोजण्याची नाही. मोजले तर द्यावे लागेल, ही खरी अडचण आहे.

१९४८ च्या कायद्यात नगावर काम करणाऱ्यांसाठी हमीचा वेळदर ठरविण्याची तरतूद होती. तिची जागा घेणारी वेतन संहिता, २०१९ नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली. नव्या श्रम संहितांविषयी कामगार चळवळीचे आक्षेप रास्त आहेत. परंतु तिच्या कलम ६ नुसार, नगावर काम करणाऱ्यालाही वेळेच्या हिशेबाने किमान वेतन मिळेल असा दर सरकारने ठरवायचा आहे. हे हत्यार आपल्या हाती आहे, ते वापरले पाहिजे.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. विडी मजुरीची पुढील फेरनिश्चिती करण्यापूर्वी सरकारने कामगारांच्या घरी बसून, घड्याळ लावून, पाने आणण्यापासून कट्टे देईपर्यंतचा वेळ मोजावा. मोजणीच्या वेळी कामगार संघटनांचे प्रतिनिधी हजर असावेत. दिलेली पाने, घेतलेल्या विड्या आणि बाद केलेल्या विड्या यांची नोंद कामगाराच्या कार्डावर रोज व्हावी.

तोवर आपल्या वकील आणि शिकलेल्या तरुणांना एक काम करता येईल. वस्तीतल्या एका विडी कामगार भगिनीकडे आठवडाभर जावे आणि तिचे तास वहीत उतरवून घ्यावेत. तारीख, सुरुवात, शेवट, हाताखाली कोण होते, बाद किती झाले. अशा शंभर वह्या जमल्या तर मजुरी ठरविणाऱ्या समितीपुढे तो पुरावा होईल. चैत्यभूमीवर अर्पण केलेल्या पेनांपैकी काही पेने या कामी आली, तर ते बाबासाहेबांना खरे अभिवादन ठरेल.