विश्लेषण : संगणकावरचा ऑर्केस्ट्रा खोटा का वाटतो?

नोटेशन सॉफ्टवेअरमध्ये स्वरलिपी लिहून ‘प्ले’ दाबले, की व्हायोलिन अनेकदा खेळण्यातल्या कीबोर्डसारखे वाजते. असे का होते?

अडचण नेमकी काय?
साध्या प्लेबॅकमध्ये प्रत्येक स्वर सुटा मिडी संदेश म्हणून जातो : कोणता स्वर, कधी सुरू, कधी बंद, किती जोरात. वादक मात्र पुढची ओळ आधीच पाहतो आणि त्यानुसार गज किंवा श्वास सांभाळतो.

उपाय कोणते?
स्वीडनचे ‘नोटपरफॉर्मर’ पुढचे स्वर आधी वाचून घेते. म्हणूनच त्याचा आवाज सुमारे एक सेकंद उशिरा येतो. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या ‘म्यूझस्कोर ४’साठी ‘म्यूझ साउंड्स’ हा वाद्यांच्या आवाजांचा संग्रह मोफत मिळतो. स्वर जोडून वाजवायचे की तोडून, हळू की जोरात, या खुणा स्वरलिपीत नीट लिहिल्यास फरक लगेच कळतो.

भरवसा किती ठेवावा?
सॉफ्टवेअरमधली बासरी श्वास न घेता मिनिटभर वाजते. तिचे खालचे स्वर ट्रम्पेटसमोरही स्पष्ट ऐकू येऊ शकतात. मंचावर ते दबून जातात. ऑर्केस्ट्रा बोलावणे न परवडणाऱ्या नवोदित संगीतकारासाठी ही सोय मोठी आहे. मात्र रचना पक्की करण्याआधी ती एखाद्या वादकाला दाखवलेली बरी.