दारातली टाकी आणि वर्ध्याचा मे

फ्रिजच्या आत, भाजीच्या कप्प्याशेजारी, एक स्टिकर असतो. मॉडेल, व्होल्टेज, गॅस किती ग्रॅम, असला मजकूर त्यावर बारीक अक्षरात छापलेला. त्यातच ‘क्लायमेट क्लास’ अशी एक ओळ असते आणि तिच्यापुढे आपल्याकडच्या बऱ्याच फ्रिजवर ‘टी’ हे अक्षर. टी म्हणजे ट्रॉपिकल. खोलीत ४३ अंश सेल्सियसपर्यंत तापमान असलं तरी यंत्राने आपलं काम चोख करावं, असा या अक्षराचा करार. वर्ध्याचा मे हा करार पाळत नाही. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात कडक उन्हाच्या दिवसांत, पारा ४५ च्या पुढे जातो, आणि दुपारी स्लॅबखालच्या स्वयंपाकघरात कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या की फ्रिजच्या पाठीमागे काय परिस्थिती असेल ते सांगायला नको.

सिंदी मेघे वर्धा शहराला अगदी लागून. (सेलू तालुक्यातलं सिंदी रेल्वे ते वेगळं.) कारभार ग्रामपंचायतीचा, राहणी शहराची. प्लॉट पडलेल्या वसाहती, स्लॅबची घरं, गच्चीवर काळ्या टाक्या. फ्रिज घेताना दारात पाण्याची तोटी असलेला घ्यायचा, म्हणजे पोरं दर पाच मिनिटांनी दार उघडणार नाहीत, हा हिशेब इथल्या घराघरांत झालेला आहे. आणि मे उजाडला की मेकॅनिकच्या फोनवर तीच तक्रार: पाणी येतं, पण गार येत नाही.

या यंत्राची ओळख करून घ्यायची तर आधी एक गैरसमज बाजूला ठेवावा लागतो. आपल्याकडच्या साध्या फ्रिजमध्ये पाणी गार करणारं वेगळं काही नसतंच. दाराच्या आतल्या अंगाला दोन-तीन लिटरची प्लॅस्टिकची टाकी, तिच्या बुडाशी स्प्रिंग आणि रबरी वॉशरची झडप, बाहेर ग्लासने दाबायची पट्टी. बस. ना मोटर, ना कॉईल. फ्रिजमधली हवा गार, म्हणून टाकी गार. त्यातही दार ही फ्रिजची सगळ्यात उबदार जागा. मागच्या फळीवर ४ अंश असले तर दारात ७-८ सहज असतात, आणि दार उघडलं की पहिला फटका टाकीलाच.

आता उष्णतेचं गणित करून पाहू. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी आरओमधून आलं तरी मे महिन्यात ते ३६ अंशांचं असू शकतं. असं तीन लिटर पाणी १० अंशांवर आणायला सव्वातीनशे किलोज्यूल उष्णता बाहेर काढावी लागते. शून्य अंशाच्या एक किलो पाण्याचा बर्फ करायलाही साधारण तेवढीच लागते. म्हणजे टाकी भरणं हे फ्रिजला एक किलो बर्फ गोठवायला सांगण्यासारखं आहे, आणि तेही फ्रीझरमध्ये न ठेवता, दारात, नुसत्या गार हवेवर. याला चार-पाच तास लागतात. दुपारी बाराला भरून दीडला जेवणाच्या ताटावर गार पाण्याची अपेक्षा धरली, तर यंत्र बिघडलेलं नसतं, घाई आपली असते.

म्हणून जाणता मेकॅनिक पेचकस काढण्याआधी चौकशी करतो.

“पानी कधी भरलं काकू?”

“आत्ताच भरलं ना भाऊ, दुपारी.”

“अन् वर बरफ जमते?”

“बरफ तं चांगली जमते. पानीच गार नाही.”

या दुसऱ्या प्रश्नात अर्धं निदान असतं. फ्रीझरमध्ये बर्फ टणक जमतोय आणि खालचा कप्पा मात्र कोमट आहे, तर गॅस जागेवर आहे. फ्रिजमधला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांत तोच फिरत राहतो आणि कमी झाला तर कुठेतरी गळती असते. तरी “गॅस संपला” हे वाक्य या धंद्यात सगळ्यात सहज खपतं, कारण ते ग्राहकाला पटतं आणि बिल मोठं होतं. हल्ली बहुतेक घरगुती फ्रिजमध्ये आर-६०० ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो. पन्नासेक ग्रॅमच, पण पेट घेणारा. ज्याला हे ठाऊक नाही त्याच्या हातात वेल्डिंगचा दिवा देऊन त्याला स्वयंपाकघरात बसवू नये.

बर्फ आहे आणि गारवा नाही, या तक्रारीचं घर बहुधा फ्रीझरच्या मागच्या पॅनेलआड असतं. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये गारवा तयार होतो तो वर, त्या पॅनेलमागच्या कॉईलवर. तिथून एक छोटा पंखा गार हवा वाहिनीतून खाली ढकलतो. कॉईलवर बाष्प गोठत राहतं, म्हणून दर काही तासांनी एक हीटर थोडा वेळ चालू होऊन ते वितळवतो. हा हीटर किंवा त्याचा सेन्सर गेला की हिम साचत जातं. चार स्क्रू काढून पॅनेल ओढलं की दिसतं: कॉईलच्या पत्र्या दिसेनाशा झालेल्या, जागी पांढरी भिंत, आणि तिच्यात पंख्याचं पातं अडकून कट-कट करतंय. हवा खाली उतरायला वाटच नाही. अशा वेळी फ्रिज दिवसभर बंद करून दार उघडं ठेवलं की हिम वितळतं, पाणी पुन्हा गार होतं, घरात आनंद होतो. आठ-पंधरा दिवसांत तक्रार परत आली तर समजावं, हीटर किंवा सेन्सरच बदलायचा आहे.

बाकी कारणं लहान आणि फुकटची. दाराचं रबर सैल झालेलं: कागद दारात धरून ओढावा, अडकला नाही तर गारवा तिथून जातोय. वाहिनीच्या तोंडाशी पातेलं टेकवलेलं. फ्रिज भिंतीला चिकटवलेला, कॉम्प्रेसरभोवती धुळीचा थर. थेट नळाला जोडलेल्या दोन दारांच्या महागड्या फ्रिजमध्ये पहिला ग्लास कोमट येतो, कारण तो दारातल्या नळीत उभा राहिलेला असतो. दुसरा ग्लास पाहूनच निकाल द्यावा. आणि पाणी गार आहे पण धार बारीक, तर झडपेवर क्षार बसलेत. टाकी काढून व्हिनेगरच्या पाण्यात भिजवावी; एरवीही आठवड्याला धुवावी, नाहीतर उग्र वास सुटतो.

खरं सांगायचं तर दारातल्या या टाकीचा वर्ध्यातला प्रतिस्पर्धी फार तगडा आहे. माठ. ४५ अंशांच्या दुपारी हवेतली आर्द्रता १५ टक्क्यांपर्यंत उतरली, तर भौतिकशास्त्राप्रमाणे ओल्या पृष्ठभागाला साधारण २४ अंशांपर्यंत उतरता येतं. माठ त्याच्या जवळपास जातो, तेही वीज गेली तरी. महात्मा गांधी इथून जवळच्या शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहायला आले ते ३० एप्रिल १९३६ ला, ऐन उन्हाळ्यात. गोदरेजने भारतात पहिला फ्रिज बनवला १९५८ साली. मधल्या काळात आणि त्यानंतरही बरीच वर्षं या भागातली तहान मातीनेच भागवली. मुंबईच्या दमट हवेत किंवा इथल्याच जुलैत माठाला हे जमत नाही, तिथे फ्रिज जिंकतो. पण नवतपात माठातलं पाणी भरून टाकी लावली तर यंत्राचं जवळपास निम्मं काम आधीच झालेलं असतं. हा उपाय माहितीपुस्तिकेत नाही, सिंदीत तो कुठल्याही आजीला सुचतो.

टाकीचा थोरला भाऊ म्हणजे कचेरीत, शाळेत, दवाखान्यात उभा असलेला स्टीलचा वॉटर कूलर. याच्यात मात्र स्वतःचा कॉम्प्रेसर असतो आणि टाकीला गुंडाळलेली स्वतःची कॉईल. त्यावर ‘४०/८०’ असे आकडे असतात आणि देणगीदाराचं नाव त्यापेक्षा बरंच मोठं असतं. ४० म्हणजे तासाला किती लिटर गार करणार, ८० म्हणजे पोटात किती मावणार. २०० मिलिलिटरच्या ग्लासाने मोजलं तर तासाला दोनशे ग्लास. मधल्या सुट्टीत पाचशे पोरं रांगेत लागली की साठा संपतो आणि शेवटच्या शंभरांना नळाचंच पाणी मिळतं. मग शाळा म्हणते कूलर खराब झाला. घेतानाच पहिला आकडा ८० असलेला घ्यायला हवा होता, पण आपल्याकडे खरेदी पोटाच्या आकड्यावर होते.

या कूलरच्या जाळीत कापसाच्या मुलखात धुळीबरोबर तंतूही अडकतात. ब्रशने, मग ब्लोअरने जाळी साफ केली की निम्मे कूलर गॅसला हात न लावता सुधारतात. पण त्याच्याही आधी एक काम: अर्थिंग तपासणं. स्टीलचं अंग, ओली फरशी, अनवाणी पोरं, आणि तोटीवर ओला हात. पिन तुटलेली, अर्थची वायर कापून गुंडाळलेली असा प्लग दिसला, तर पाणी गार आहे की गरम हा प्रश्न नंतरचा. आधी मेन स्विच पाडायचा, आणि वायरमन येऊन अर्थिंग जोडेपर्यंत तो चालू करू द्यायचा नाही.