पाठीवरचं बिऱ्हाड

बास्केटबॉलच्या यूरोलीगच्या २०२५-२६ च्या हंगामाचं वेळापत्रक हाती आलं, तेव्हा आधी पाहिली ती यजमान संघांची गावं. जुनी खोड. वीस संघ, प्रत्येकाला ३८ सामने, दुबईचा नवा संघ, मे महिन्यात अथेन्सला अंतिम चौघांची झुंज, हे सगळं क्रीडापानांवर येऊन गेलंय. माझी नजर अडकली ती तेल अवीवच्या दोन संघांवर. युद्धापायी हंगामाच्या तोंडाशी हापोएलचं घर सोफियात, मकाबीचं बेलग्रेडमध्ये. बेलग्रेडचे स्वतःचे दोन संघ आहेतच, म्हणजे एकाच शहरात तीन यजमान! त्यात मकाबीला मिळालेल्या क्रीडागृहाला नाव अलेक्सांदर निकोलिच यांचं. हे नाव दिसलं की मी १९९२ सालात जाऊन पोचतो.

१९९१ मध्ये युगोस्लाव्हिया फुटू लागला आणि तिथल्या तीन संघांना युरोपीय स्पर्धेतले घरचे सामने देशाबाहेर खेळणं भाग पडलं. तिघांनीही बिऱ्हाड स्पेनला हलवलं. झाग्रेबचा सिबोना पुएर्तो रेआलला गेला, लागोपाठ तीन वेळा युरोप जिंकलेला स्प्लिटचा संघ ला कोरुन्याला, आणि बेलग्रेडचा पार्टिझान फ्वेनलाब्रादाला. हे माद्रिदच्या दक्षिणेचं कामगारांचं गाव. क्रीडागृह होतं, पण तिथे खेळणारा मोठा संघ नव्हता. गावानं परक्या पोरांना आपलं म्हटलं. 'पार्टिझान दे फ्वेनलाब्रादा' असं नावच पडलं.

पार्टिझानचा कोच झेल्को ओब्रादोविच कालपरवापर्यंत याच संघात खेळत होता. वय एकतीस, अनुभव शून्य. सल्ल्याला निकोलिच, युगोस्लाव बास्केटबॉलचे पितामह. खेळाडूंपैकी दानिलोविच बावीस वर्षांचा, जोर्जेविच चोवीसचा. त्या मोसमात बेलग्रेडला एकच सामना खेळायची परवानगी मिळाली, बोलोन्याच्या क्नोर संघाविरुद्ध, उपांत्यपूर्व फेरीत.

१६ एप्रिल १९९२, इस्तंबूल, अंतिम सामना. समोर बादालोनाचा जुवेंतुत. सारायेवोत तोफा सुरू होऊन दहा दिवस झालेले. तोमास होफ्रेसानं बास्केट केली आणि जुवेंतुत ७०-६८ असा पुढे गेला. उरली मोजकी सेकंदं. पार्टिझानच्या कोप्रिवित्सानं चेंडू आत दिला, जोर्जेविच कडेकडेनं धावत सुटला, होफ्रेसा त्याच्या अंगाला भिडलेला. तोल जाता जाता फेकलेला तो थ्री-पॉइंटर आत गेला. ७१-७०. ती धूसर चित्रफीत मी किती वेळा पाहिली असेन, देव जाणे. पंचवीस गुण करणाऱ्या दानिलोविचला सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळाला, पण लोकांच्या लक्षात राहिला तो जोर्जेविचच. हे चालायचंच.

माझा जीव मात्र अडकलाय तिसऱ्यातच. इव्हो नाकिच. रियेकाचा, म्हणजे क्रोएशियाचा, आणि बेलग्रेडच्या या संघात. जानेवारी १९९२ मध्ये युरोपीय समुदायानं क्रोएशियाला मान्यता दिली, तेव्हा त्याचा हंगाम अर्ध्यावर होता. ऐन स्पर्धेत त्याचं गाव परदेशात गेलं, आणि दोन्ही देश एकमेकांशी लढणारे. तरी तो पार्टिझानचाच राहिला. या विजयाच्या बहुतेक वर्णनांत त्याच्या वाट्याला एखादी ओळ येते, तीही यादीतली. मला हा अन्याय वाटतो. शेवटची फेक टाकणारे खूप सापडतात. असल्या वर्षी गुमान सरावाला येणारा एखादाच.

पुढचं थोडक्यात. ३० मे रोजी संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध आले आणि विजेत्यांना आपलं विजेतेपद राखायला उतरताच आलं नाही. संघ पांगला. दानिलोविच क्नोरकडे गेला, जोर्जेविच मिलानच्या फिलिप्सकडे. वाटेत हरवलेल्यांच्याच घरी! ओब्रादोविचनं तर १९९४ मध्ये जुवेंतुतलाच युरोपचं विजेतेपद मिळवून दिलं, आणि तो सामना झाला तेल अवीवला. आज त्याच्या नावावर अशी नऊ विजेतेपदं आहेत. फ्वेनलाब्रादाच्या स्वतःच्या संघानं १९९६ मध्ये स्पेनच्या पहिल्या दर्जाच्या लीगमध्ये जागा मिळवली.

ते वेळापत्रक पाहताना मनात आलं, निकोलिच क्रीडागृहात पार्टिझानशी सामना पडला, तर कागदावर यजमान असेल मकाबी. फ्वेनलाब्रादानं जसं पार्टिझानला आपलं म्हटलं, तसं बेलग्रेड पाहुण्या यजमानाला म्हणेल असं काही मला वाटलं नाही. घरचा संघ समोर असताना तर नाहीच.