अनेक सूचना, एक ठराव
अभिरूप संयुक्त राष्ट्रसंघातून विद्यार्थ्यांना मिळणारे शिक्षण

सभेत भाषण करणे अनेकांना साधते. परंतु दहा जणांनी मांडलेल्या दहा सूचनांतून सर्वांना आपला वाटेल असा एकच ठराव तयार करणे फार थोड्यांना साधते. ग्रामसभेपासून संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेपर्यंत सर्व लोकशाही संस्थांचे कामकाज मात्र याच कौशल्यावर अवलंबून असते. विद्यार्थिदशेतच या कौशल्याचा सराव व्हावा, या हेतूने शाळा-महाविद्यालयांतून अभिरूप संसद व अभिरूप संयुक्त राष्ट्रसंघ हे उपक्रम चालविले जातात.

आपल्या देशात या कल्पनेस बरीच जुनी परंपरा आहे. 1962 साली मुंबई येथे भरलेल्या अखिल भारतीय प्रतोद परिषदेने शिक्षणसंस्थांतून अभिरूप संसदेस उत्तेजन देण्याची शिफारस केली. तदनुसार 1966-67 मध्ये दिल्लीतील शाळांसाठी युवा संसद स्पर्धेची योजना सुरू झाली. मध्यप्रदेशात हे कार्य भोपाळ येथील पंडित कुंजीलाल दुबे राष्ट्रीय संसदीय विद्यापीठाकडे आहे. राज्याच्या विधानसभेच्या पहिल्या अध्यक्षांचे नाव या संस्थेस देण्यात आले आहे. अभिरूप संयुक्त राष्ट्रसंघात विद्यार्थी एकेका देशाचे प्रतिनिधी होतात, समविचारी देशांचे गट बनवितात आणि नेमून दिलेल्या विषयावर ठरावाचा मसुदा तयार करून तो मतास टाकतात.

सूचनांची बेरीज म्हणजे ठराव नव्हे

गटातील प्रत्येक सदस्य आपापली टिपणे घेऊन येतो. अशा वेळी सर्वांच्या सूचना एकाखाली एक लिहून काढण्याचा मोह होतो. कोणीही दुखावले जात नाही. परंतु असा मजकूर परस्परविरोधी व पुनरुक्तीने भरलेला राहतो. दुसरा मोह म्हणजे मतभेदाच्या जागी ‘योग्य ती कार्यवाही करावी’ यासारखी मोघम शब्दरचना योजण्याचा. तिच्यामुळे भांडण मिटते, पण कोणी काय करावयाचे हे कोणासच कळत नाही. सरकारी कागदपत्रांशी परिचय असलेल्यांना या शब्दांची महती वेगळी सांगावयास नको.

याहून चांगली रीत एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. भोपाळमधील एका विद्यार्थिगटापुढे ‘घातक रसायनांच्या कारखान्यांपासून नागरिकांचे संरक्षण’ हा विषय ठेवला आहे असे समजू. या शहराला हा विषय पुस्तकातून शिकावा लागत नाही. 1984 च्या डिसेंबरमध्ये, 2 व 3 तारखेच्या दरम्यानच्या रात्री, युनियन कार्बाइड इंडिया या कंपनीच्या कारखान्यातील टाकीतून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू बाहेर पडला. कीटकनाशक बनविताना मधल्या टप्प्यावर लागणाऱ्या या रसायनाचा सुमारे 40 टन साठा त्या एका टाकीत होता. हजारो माणसे मृत्युमुखी पडली. आपण कोणत्या वायूत श्वास घेत आहोत, त्यापासून बचाव कसा करावा, हे लगतच्या वस्तीतील लोकांना ठाऊक नव्हते.

गटातील चार सदस्यांनी चार सूचना आणल्या. पहिल्याच्या मते कारखान्यात काय साठविले आहे याची माहिती रहिवाशांना मिळावी. दुसऱ्याच्या मते असे सर्व कारखाने तत्काळ बंद व्हावेत. तिसऱ्याने कामगारांच्या रोजगारास धक्का लावू नये असे म्हटले. चौथ्याने पीडितांच्या भरपाईचा व दीर्घकालीन उपचारांचा मुद्दा मांडला. यांपैकी दुसरी व तिसरी सूचना एकमेकींच्या विरुद्ध दिसतात. येथे मतदान घेऊन एकास गप्प बसविता येईल. तथापि त्यापूर्वी प्रत्येकास एक प्रश्न विचारणे हितावह ठरते : ‘या सूचनेमागे आपणांस कशाची काळजी वाटते?’

कारखाने बंद करा म्हणणाऱ्यास मोठ्या साठ्याची भीती वाटते, असे उत्तरातून निष्पन्न होते. जे रसायन साठविलेलेच नाही ते गळू शकत नाही. लागेल तेवढेच तयार करून लगेच वापरले तर धोका पुष्कळच घटतो आणि कारखानाही चालू राहतो. तेव्हा ‘घातक मध्यवर्ती रसायनांच्या साठ्यावर कमाल मर्यादा घालावी’ असे कलम दोघांनाही मान्य होऊ शकते. ते दोन मतांची सरासरी काढून आलेले नाही. दोन्ही चिंतांचा विचार करून ते घडले आहे.

त्यानंतर कलमांचा क्रम लावावा. अपघातापूर्वी साठ्यावर मर्यादा व रहिवाशांस त्यांच्या भाषेत माहिती, अपघाताच्या वेळी इशारा व स्थलांतर, अपघातानंतर उपचार व भरपाई, अशी मांडणी केली की पुनरुक्ती आपोआप गळून पडते आणि राहिलेली उणीव दिसू लागते. वरील चारही सूचनांत अपघाताच्या वेळी काय करावे याचा उल्लेख नव्हता, हे क्रम लावतानाच लक्षात येते.

प्रत्येक कलमात कोणी, काय व केव्हा करावयाचे याचा निर्देश असावा. शब्दही अधिकारास धरून हवेत. अशा विषयावर आमसभा सदस्य राष्ट्रांना आदेश देत नाही. ती शिफारस करते, आवाहन करते. अहवाल मात्र मागवू शकते, आणि ज्याचा अहवाल द्यावा लागतो त्या कामाकडे दुर्लक्ष करणे अवघड जाते.

1946 चा धडा

संयुक्त राष्ट्रसंघाच्या प्रत्यक्ष कामकाजातही ठराव असेच घडतात. 1946 साली दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांना मिळणाऱ्या पक्षपाती वागणुकीचा प्रश्न भारताने आमसभेपुढे नेला. श्रीमती विजयालक्ष्मी पंडित शिष्टमंडळाच्या नेत्या होत्या. दक्षिण आफ्रिकेने आपले धोरण व कायदे बदलावेत, असे भारताच्या मूळ मसुद्यात होते. हा आपला अंतर्गत प्रश्न आहे, असे त्या देशाचे म्हणणे होते. चर्चेअंती फ्रान्स व मेक्सिको यांनी संयुक्तपणे सौम्य भाषेतील मजकूर सुचविला आणि भारताने आपल्या शब्दांचा आग्रह न धरता त्यास पाठिंबा दिला.

त्या मजकुरात दोन गोष्टी कायम राहिल्या. भारतीयांना मिळणारी वागणूक उभय देशांतील करारांशी व सनदेशी सुसंगत असावी, आणि उभय सरकारांनी पुढील अधिवेशनात अहवाल द्यावा. 8 डिसेंबर 1946 रोजी ठरावाच्या बाजूने 32 व विरुद्ध 15 मते पडली. 7 राष्ट्रे तटस्थ राहिली. दोनतृतीयांश बहुमत आवश्यक होते आणि तटस्थांची गणना होत नसल्याने 47 पैकी किमान 32 मते हवी होती. एक मत जरी दुसऱ्या बाजूस गेले असते तरी ठराव फेटाळला गेला असता. भारताने शब्द सोडले, पण हा प्रश्न जगाच्या विचाराचा आहे हे मूळ तत्त्व सोडले नाही. काय सोडावे व काय सोडू नये, हे आधी ठरविलेले असल्यानेच हे शक्य झाले.

शिक्षकांनी काय करावे

मार्गदर्शक शिक्षकांनी चर्चेपूर्वी प्रत्येक सदस्याकडून दोन ओळी लिहून घ्याव्यात : कोणती गोष्ट अत्यावश्यक आणि कोणती सोडता येण्याजोगी. अबोल विद्यार्थ्याची सूचना यामुळे मोठ्या आवाजाखाली दबत नाही. मसुदा एकाने लिहावा, पण तो मोठ्याने दुसऱ्याने वाचावा. अडखळण्याच्या जागा तेथेच कळतात. जी सूचना वगळली ती का वगळली, हे सुचविणाऱ्यास समक्ष सांगावे. ज्याचे म्हणणे ऐकून घेतले गेले, तो स्वतःचे कलम गळाले तरी ठरावाच्या बाजूने उभा राहतो.

स्पर्धेतील पारितोषिक उत्तम वक्त्याकडे जाते व ठराव फाइलीत राहतो, असे अनेकदा घडते. परंतु आजचे हेच विद्यार्थी उद्या ग्रामसभेत, सहकारी संस्थेत व शासकीय कचेरीत बसणार आहेत. पाणीपुरवठ्याची विहीर कोणत्या वस्तीत खोदावी, कारखान्यास ना-हरकत द्यावी की नाही, असे ठराव त्यांना लिहावे लागतील. त्या ठरावातील एखादे कलम मोघम राहिले तर त्याची किंमत सभेस हजर नसलेल्या माणसांना मोजावी लागते. म्हणून मसुदा पुरा झाल्यावर विद्यार्थ्यांनी तो त्या माणसांच्या नजरेने एकदा वाचून पाहावा, हे इष्ट होय.