स्वस्त दात, महाग धास्ती?

मेक्सिको म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? अमली पदार्थांच्या टोळ्या, गोळीबार, टीव्हीवरच्या बातम्या. त्यामुळे माझी धाकटी बहीण फोनवर सहज म्हणाली, ‘‘ताई, मी आता दातांसाठी दर महिन्या-दीड महिन्याला मेक्सिकोत जाणार आहे,’’ तेव्हा आमच्या आईनं देव पाण्यात घालायचेच काय ते बाकी ठेवले! ‘‘अमेरिकेत राहतेस ना? तिथे काय दातांचे डॉक्टर मिळत नाहीत?’’ हा आईचा प्रश्न. मैत्रिणींनो, तुम्हीही हेच विचारलं असतं.

डॉक्टर मिळतात हो, पण परवडत नाहीत. बहीण राहते टेक्सास राज्यातल्या एल पासो शहरात. तिच्या दोन दाढा गेलेल्या. तिथे दातांचा विमा वेगळा काढावा लागतो आणि तो साधारणपणे वर्षाला हजार ते दोन हजार डॉलरपर्यंतच पैसे देतो. तिचा त्या वर्षीचा विमा आधीच्या उपचारात संपलेला. दोन दाढांच्या इम्प्लांटचे तिला नऊ हजार डॉलर सांगितले. रुपयांत सात लाखांच्या वर! पुलापलीकडे मेक्सिकोतल्या सिउदाद हुआरेझ शहरात तेच काम बत्तीसशे डॉलरमध्ये होत होतं.

‘मग भारतात येऊन कर की,’ असं आम्हीही म्हटलं. पण इम्प्लांट एका फेरीत होत नाही. आधी हाडात स्क्रू बसवतात, तो हाडानं धरायला तीन ते सहा महिने जातात, मग वरची कॅप. दोन मुलांच्या शाळा, तिची तासावारी नोकरी, विमानाची तिकिटं... ते गणित कुठेच जुळेना.

एल पासो आणि हुआरेझ म्हणजे एका नदीच्या दोन काठांवरची दोन शहरं. मधे रिओ ग्रांदे नदी आणि तिच्यावर पूल. दातांसाठी, चष्म्यासाठी, औषधांसाठी अमेरिकेतले लोक रोज पायी पलीकडे जातात. अ‍ॅरिझोना राज्याच्या सीमेला लागून लोस अल्गोदोनेस नावाचं गाव आहे. एवढ्याशा गावात शेकडो दंतवैद्य! लोकांनी त्याचं नावच ‘दाढांचं शहर’ पाडलंय.

आता भीतीचं काय? ती खोटी होती असं मी मुळीच म्हणणार नाही. 2010 मध्ये एकट्या हुआरेझमध्ये तीन हजारांच्या आसपास माणसं मारली गेली. त्याच वर्षी नदीअलीकडच्या एल पासोत खून झाले फक्त पाच! पुढे हुआरेझमधली हिंसा बरीच ओसरली, पण गेली नाही. ऑगस्ट 2022 मध्ये तिथल्या तुरुंगात दोन टोळ्यांची मारामारी झाली आणि तिचे पडसाद शहरभर उमटले. दुकानांना आगी लागल्या, एका रेडिओ केंद्राचे कर्मचारी मारले गेले.

मार्च 2023 ची मातामोरोसची घटना तर जगभर गाजली. अमेरिकेतून चौघं जण तिथे गाडीनं गेले होते, त्यातल्या एका बाईला पोटाची शस्त्रक्रिया करून घ्यायची होती. त्यांच्या गाडीवर गोळीबार झाला, चौघांना पळवून नेलं आणि दोघांचा जीव गेला. त्याच गोळीबारात रस्त्यावरची एक मेक्सिकन तरुणीही मारली गेली. तिची बातमी मात्र दोन ओळींत संपली.

मी आमच्याकडच्या महिला दक्षता समितीत बरीच वर्षं काम करते. तिथे एक गोष्ट पक्की शिकले. ‘भीती वाटते’ एवढं म्हणून भागत नाही. कशाची वाटते, कुठे वाटते, किती वाजता वाटते, हे सुटं करून पाहावं लागतं. बहिणीनंही तेच केलं.

पहिलं म्हणजे जागा. सगळा मेक्सिको एकसारखा नाही. अमेरिकेचं परराष्ट्र खातं तिथल्या प्रत्येक राज्यासाठी वेगळी सूचना देतं, पहिल्या पायरीपासून चौथ्यापर्यंत. 2024 मध्ये युकातान राज्य पहिल्या पायरीवर होतं, म्हणजे नेहमीची काळजी घ्या. मातामोरोस ज्या तामाउलिपास राज्यात आहे ते चौथ्या पायरीवर, म्हणजे जाऊच नका. हुआरेझचं चिवावा राज्य तिसऱ्या पायरीवर, म्हणजे जाण्याआधी पुन्हा विचार करा. तेव्हा बहीण ‘सुरक्षित’ जागी जात नव्हती, हे तिला पुरतं ठाऊक होतं.

दुसरं, वेळ आणि वाट. तिनं दवाखाना निवडला तो पुलापासून चालत सात-आठ मिनिटांवरचा, मोठ्या रस्त्यावरचा. सकाळी जायचं, दुपारी तीनच्या आत परतायचं. गाडी अलीकडेच ठेवायची. कारण अमेरिकेतला गाडीचा विमा मेक्सिकोत ग्राह्य धरत नाहीत, आणि अपघात झाला तर जबाबदारी ठरेपर्यंत चालकाला अडकवून ठेवू शकतात. दागिने घरी. निघताना आणि परतताना नवऱ्याला फोन. आदल्या संध्याकाळी दवाखान्यात विचारायचं, ‘सगळं शांत आहे ना?’ जरा शंका आली तर फेरी रद्द. तशी एक फेरी तिनं रद्द केलीही.

तिसरं म्हणजे उपचार कोणता? याकडे बऱ्याच जणी दुर्लक्ष करतात. 2022 मध्ये मेक्सिकोतल्या दुरांगो शहरात पाठीच्या कण्यात दिलेल्या भुलीतून बुरशीचा संसर्ग झाला आणि सिझेरियन झालेल्या कित्येक बाळंतिणी दगावल्या. 2023 मध्ये मातामोरोसच्या दोन क्लिनिकमध्ये तसंच घडलं, त्यात सौंदर्यासाठी शस्त्रक्रिया करून घ्यायला अमेरिकेतून गेलेल्या बायका होत्या. म्हणून बहिणीची अट होती की, हिरडीपुरती भूल लागेल तेवढंच तिथे करायचं, मोठी शस्त्रक्रिया नाही. औषधंही तिथून आणायची नाहीत, कारण मेक्सिकोतल्या काही फार्मसींत बनावट आणि जीवघेण्या गोळ्या विकल्या जातात असा इशारा 2023 मध्ये अमेरिकी सरकारनंच दिला होता.

आता पैशाकडे वळू. आपल्या बचत गटातल्या बायका नेहमी म्हणतात, स्वस्त वस्तूची किंमत घरी आल्यावर कळते. बहिणीनं त्यासाठी एक वही घातली होती. सहा फेऱ्या. प्रत्येक फेरीला पार्किंग, पुलाचा किरकोळ टोल, खाणंपिणं आणि मुलांना सांभाळणाऱ्या बाईंचे मिळून साठ डॉलर, शिवाय बुडालेल्या मजुरीचे सत्तर. सहा फेऱ्यांचे झाले 780. काही बिघडलं तर एल पासोतल्या डॉक्टरकडे जावं लागेल म्हणून बाजूला काढून ठेवले 600. बत्तीसशेचे झाले 4580. म्हणजे वरवर पाहता दोन तृतीयांश वाचणार असं वाटत होतं, प्रत्यक्षात वाचले निम्मे. तरीही 4420 डॉलर ही काही थोडी रक्कम नाही. पण निर्णय घ्यायचा तो या आकड्यावर, जाहिरातीतल्या आकड्यावर नाही.

2024 च्या हिवाळ्यात मी तिच्याकडे गेले होते, तेव्हा दोन वेळा तिच्याबरोबर पूल ओलांडला. माझ्याकडे अमेरिकेचा चालू व्हिसा असल्यामुळे मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागला नाही. जाताना दहा मिनिटं लागली, येताना मात्र दीड तास रांगेत उभं! परत आत घ्यायचं की नाही हे शेवटी सीमेवरचा अधिकारी ठरवतो. बहिणीजवळ ग्रीन कार्ड आहे. पण ज्यांच्या व्हिसाची मुदत संपत आलीय किंवा कागदपत्रांत काही अडकलंय, त्यांनी दातापायी हा धोका पत्करू नये. घरसंसार एका काठावर आणि आपण दुसऱ्या काठावर, याची किंमत कुठल्या वहीत लिहिणार?

हुआरेझमध्ये विजेच्या खांबांवर काळ्या चौकोनात रंगवलेले गुलाबी क्रूस दिसले. बहिणीनं अर्थ सांगितला आणि अंगावर काटा आला. 1993 पासून या शहरात शेकडो बायका-मुलींचे खून झाले. त्यातल्या कितीतरी जणी कारखान्यात कामाला जाणाऱ्या, गरीब घरच्या. नोव्हेंबर 2001 मध्ये कापसाच्या एका शेतात आठ जणींचे मृतदेह सापडले. त्यातल्या तिघींच्या आयांनी दाद मागत आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालय गाठलं आणि 2009 मध्ये त्या न्यायालयानं मेक्सिको सरकारला दोषी धरलं. त्या मुलींचं संरक्षण केलं नाही, तपासही धड केला नाही, म्हणून. त्या आयांनी आठ वर्षं धीर सोडला नाही, हे वाचून मला आपल्याकडच्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवणाऱ्या आया आठवल्या.

दवाखान्यातल्या रिसेप्शनवरच्या बाईंना मी बहिणीकरवी विचारलं, ‘‘तुम्हाला इथे भीती नाही वाटत?’’ त्या हसल्या. म्हणाल्या, ‘‘तुम्ही तीनला परत जाता. मी सातला सुटते, मग दोन बस बदलते. मुलगी कामावरून घरी पोचल्याचा निरोप आला की मगच जेवते.’’

धोका म्हणजे आपण पाहुण्यांनी मोजूनमापून दोन तास उचलायची गोष्ट. त्यांना मात्र त्यातच राहायचं असतं. आपले पैसे वाचतात ते या बायकांच्या कमी पगारातूनच, हेही विसरून चालणार नाही.

म्हणून मैत्रिणींनो, परदेशातल्या आपल्या लेकी-बहिणी असं काही करायला निघाल्या तर लगेच ‘नको जाऊस’ म्हणू नका आणि ‘स्वस्त आहे ना, मग जा’ असंही म्हणू नका. त्यांना विचारा : कुठे, किती वाजता, कुणाबरोबर, कोणता उपचार, सगळं धरून वाचतात किती, आणि काय घडलं तर तू फेरी रद्द करशील? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर निघण्याआधीच तयार हवं. रस्त्यात उभं राहून ते सुचत नाही.

बहिणीच्या दोन्ही दाढा आता व्यवस्थित आहेत. वर्षातून एकदा तपासणीसाठी ती अजूनही पूल ओलांडते आणि दर वेळी आदल्या संध्याकाळी तोच फोन करते. रिसेप्शनवरच्या बाईंशी आता ओळख झालीय. शहराची खबर घेऊन झाली की ती आधी त्यांच्या मुलीची चौकशी करते, दाढांचं मग.